तार कंपनीची, कळ सरकारची

१८५५ साली लंडनच्या माणसाला मँचेस्टरला तार करायची असेल तर तो इलेक्ट्रिक टेलिग्राफ कंपनीच्या कचेरीत जाई. कंपनी खासगी, १८४६ मध्ये निघालेली, भागधारकांच्या पैशावर चालणारी. तिच्याशी चढाओढ करणाऱ्या आणखीही कंपन्या होत्या. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून आपल्याकडे कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास या शहरांत सर्वसामान्यांसाठी तार खुली झाली. इथे मात्र खिडकीपलीकडचा माणूस सरकारी नोकर होता. खांब सरकारी, तारा सरकारी, आणि सरकारच्या परवान्याशिवाय दुसऱ्या कुणाला तार ओढायची मुभा नाही. राज्यकर्ते तेच, यंत्र तेच, साल तेच. मग मायदेशात तारेचा धंदा खासगी आणि वसाहतीत तो सरकारी मक्तेदारीचा, असं का?

फोन, इंटरनेट यांचा विषय निघाला की आपल्याकडे ‘सरकारी बरं की खासगी बरं’ हा वाद हमखास सुरू होतो. वसाहतीच्या काळातल्या तारा आणि टेलिफोन पाहिले की हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारावासा वाटतो. मालकी ही एक गोष्ट आणि ताबा ही दुसरी. पैसा कुणी घातला आणि नफा कुणाच्या खिशात गेला, ही झाली मालकी. कुणाचा निरोप आधी जाणार, कुणाचा अडणार, कोण तो मधल्यामध्ये वाचणार आणि वेळ आली तर तार बंद कोण करणार, हा झाला ताबा. तारमास्तर ज्या खटक्यावर बोट ठेवून ‘कडकट्ट’ करायचा त्याला कळ म्हणत. ब्रिटिशांनी तारेची मालकी सोयीप्रमाणे कधी सरकारकडे ठेवली, कधी कंपनीकडे दिली, कधी परत घेतली. कळ मात्र जवळजवळ शंभर वर्षं एकाच हातात राहिली.

डॉक्टरनं ओढलेली तार

हिंदुस्थानातल्या तारेचा जनक विल्यम ओशॉनेसी हा पेशानं डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. १८३९ मध्ये त्यानं कलकत्त्याजवळ २१ मैल लांबीची तार ओढून प्रयोग केले. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन टाकायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यानं बारीक तारेऐवजी लोखंडाचे जाड गज वापरले. वर माकडं लोंबकळली, घारी-गिधाडं बसली तरी तुटू नयेत, हा त्यामागचा विचार. विलायतेतली पुस्तकं वाचून हे सुचलं नसतं. शिवचंद्र नंदी हा त्याचा बंगाली सहकारी. डायमंड हार्बरच्या पहिल्या लाइनीपासून तो कामात होता आणि पुढे बंगालमधल्या कितीतरी लाइनींचं काम त्यानंच उभं केलं. त्याचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

१८५२ मध्ये ब्रह्मदेशाशी दुसरं युद्ध सुरू झालं आणि तिकडच्या बातम्या जहाजावरून उतरताच या छोट्याशा लाइनीवरून कलकत्त्याला पोचू लागल्या. गव्हर्नर जनरल डलहौसीला तारेची किंमत कळली. नोव्हेंबर १८५३ मध्ये काम सुरू झालं, मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कलकत्त्याला निरोप गेला, आणि पुढच्या वर्षभरात मुंबई आणि मद्रास जोडली गेली. १८५६ पर्यंत चार हजार मैलांहून जास्त तार उभी होती.

नेमक्या याच वर्षांत डलहौसीचं सरकार रेल्वेही बांधत होतं, आणि तिचा हिशेब अगदी वेगळा होता. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वे खासगी कंपनी होती. विलायतेतल्या भागधारकांना सरकारनं ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी तोट्यात गेली तरी व्याज ठरलेलं, आणि ते भरायचं हिंदुस्थानच्या महसुलातून. मग तारेसाठी हाच रस्ता का नाही धरला? माझ्या मते कारणं दोन. रेल्वेला डोंगर फोडायचे, पूल बांधायचे, इंजिनं आणायची, म्हणजे अफाट भांडवल लागतं. तारेला खांब, लोखंड, बॅटऱ्या आणि शिकवलेली माणसं एवढंच लागतं. एक कल्पक डॉक्टर आणि सरकारी खजिना मिळून ते भागत होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आगगाडीतून सैन्य जातं, तारेतून हुकूम जातो. सैन्य वाहून नेण्याचं कंत्राट परक्याला देता येतं, हुकूम नेणारा माणूस आपलाच लागतो.

१८५४ च्या कायद्यानं म्हणूनच तार उभारण्याचा एकाधिकार ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारकडे ठेवला आणि इतरांना हवं तर परवाना देण्याची सोय ठेवली. कायद्याची ही वीण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘खासगीला बंदी’ असं तो म्हणत नाही. ‘हक्क आमचा, आम्ही देऊ तर तुमचा’ असं म्हणतो. पुढची पावणेदोनशे वर्षं या वाक्याचीच नवी नवी रूपं आपल्याला भेटत राहतात.

लोकांसाठी दर होता ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना १ रुपया. मजुराची कित्येक दिवसांची कमाई त्यात जायची. ‘खुली’ झालेली तार कुणासाठी खुली होती, हे एवढ्यावरून समजतं.

तारेनं राज्यकर्त्यांना काय दिलं, हे १८५७ नं दाखवून दिलं. ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. लाइन का बंद पडली हे पाहायला गेलेला दिल्लीच्या तारघरातला चार्ल्स टॉड मारला गेला. मागे राहिलेल्या ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण तारवाल्यांनी अंबाल्याला खबर कळवली आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी वेळेवर सावध झाले. बंडवाल्यांनीही ओळखलं होतं की हा शत्रू आहे. जिथे जमेल तिथे त्यांनी खांब पाडले, तारा तोडल्या. पुढे १९०२ मध्ये इंग्रजांनी दिल्लीत तारवाल्यांचं स्मारक उभारलं. ज्या राज्यानं एका निरोपावर आपला जीव वाचलेला पाहिला, ते राज्य तारखातं कंपनीच्या हवाली करणं शक्यच नव्हतं. गंमत पाहा, खुद्द ब्रिटनमध्ये अंतर्गत तारेचं सरकारीकरण व्हायला १८७० उजाडलं. तिथे कारण मुख्यतः दर आणि सोयीचं होतं. व्यापारी आणि वर्तमानपत्रं खासगी कंपन्यांना कंटाळली होती. इथे ते राजवटीच्या सुरक्षिततेचं होतं.

समुद्रात मात्र कंपन्या

जमिनीवर सगळं सरकारी. समुद्राखालची कहाणी मात्र उलटी आहे, आणि ती सुरू होते एका मोठ्या फजितीनं.

१८५७ नंतर लंडनला हिंदुस्थानशी थेट तार हवीच होती. रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनी पुढे आली. सुएझ ते एडन आणि एडन ते कराची अशी केबल टाकायची योजना होती. भांडवल ८ लाख पौंड. ब्रिटिश सरकारनं त्यावर ५० वर्षं साडेचार टक्के व्याजाची हमी दिली, आणि ती देताना केबल चालू असण्याची अट घातली नाही. १८५९-६० मध्ये केबल टाकली गेली. ती फार ताणून, समुद्रतळाचा पुरेसा अभ्यास न करता टाकली होती. प्रवाळावर घासली, तुटली, एक तुकडा दुरुस्त करेपर्यंत दुसरा बिघडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही निरोप तिच्यावरून गेला नाही. कंपनीच्या भागधारकांना मात्र वर्षाला ३६ हजार पौंड मिळत राहिले, थेट १९०८ पर्यंत. समुद्रतळाशी गंजलेल्या लोखंडाचं व्याज जनतेच्या पैशातून अर्धशतक भरलं गेलं. खासगी धाडस म्हणतात त्यात धोका स्वतःच्या अंगावर घ्यायचा असतो. इथे नफा खासगी होता आणि धोका सरकारी.

हात पोळल्यावर सरकारनं दुसरा प्रयत्न स्वतः केला. इंडो-युरोपियन टेलिग्राफ डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं आणि १८६४ मध्ये इराणच्या आखातात केबल पडली. ग्वादरपासून मुसंदम, बुशहर करत फाओपर्यंत, तिथून तुर्की सरकारच्या जमिनीवरच्या तारांना जोड. ही केबल वाहणाऱ्या जहाजांत ‘ट्वीड’ नावाचं एक जहाज होतं. ते मूळचं ‘पंजाब’, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं लढाऊ जहाज. विलायतेत विकलं गेलं, त्याची यंत्रं काढून शिडं चढवली, आणि केबल पोटात घेऊन ते मुंबईला परत आलं.

समुद्री केबल म्हणजे काय असतं, हे जरा जवळून पाहू. तिचा आडवा छेद घेतला तर अगदी मधोमध तांब्याची तार दिसते, निरोप जातो तो एवढ्याशा धाग्यातून. तिच्याभोवती गटापर्चा. हा मलायाकडच्या रानातल्या झाडांचा चीक. गरम पाण्यात लोण्यासारखा मऊ होतो, समुद्राच्या गार पाण्यात टणक राहतो आणि वीज बाहेर झिरपू देत नाही. रबर पाण्यात कुजायचं, गटापर्चा टिकायचा. त्यावर ताग किंवा अंबाडीची गादी, त्यावर दोरखंडासारखा पिळलेल्या जाड लोखंडी तारांचा कवच, वरून डांबर. किनाऱ्याजवळ, जिथे नांगर आणि खडक लागतात, तिथे हा कवच अधिक जाड. शेकडो मैलांच्या केबलसाठी किती झाडं तोडली गेली असतील याचा विचार केला की लक्षात येतं, दळणवळणाचं हे जाळं विणण्यासाठीसुद्धा वसाहतीचंच रान लागलं.

आखाताची सरकारी केबल चालली, पण पुढची तुर्की लाइन रडतखडत चाले. इंग्रजी न कळणारे कारकून निरोप पुढे ढकलताना अक्षरं गाळत, कधी दिवसचे दिवस लावत. २० शब्दांना ५ पौंड मोजून आलेली तार वाचता येऊ नये, ही व्यापाऱ्यांची तक्रार थेट पार्लमेंटपर्यंत गेली. त्यातून १८७० साली दोन खासगी रस्ते जवळपास एकाच वेळी उघडले. एक सीमेन्स बंधूंचा. लंडनहून प्रशिया, रशिया, तिफ्लिस करत तेहरानपर्यंत जमिनीवरून, आणि तिथून पुढे सरकारी तारेवरून हिंदुस्थानात. एप्रिल १८७० मध्ये लंडनचा निरोप अर्ध्या तासाच्या आत कलकत्त्यात पोचल्याचं त्यांनी दाखवून दिलं.

दुसरा रस्ता जॉन पेंडरचा. हा मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी. त्याच्या कंपन्यांनी ग्रेट ईस्टर्न हे त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं जहाज भाड्यानं घेतलं, उन्हात पोटातली केबल तापू नये म्हणून पांढरं रंगवलं आणि फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे केबल सोडत ते निघालं. त्याच जूनमध्ये मुंबई-एडन-सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, इंग्लंडमधलं पोर्थकर्नो असा पाण्याखालचा रस्ता पुरा झाला. १८७२ मध्ये या कंपन्या एक होऊन ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी झाली. मुंबई ते लंडन निरोप आता कुठल्याही परक्या देशाच्या कारकुनाच्या हातात न पडता जाऊ लागला.

आता हिंदुस्थानशी बोलायला तीन रस्ते होते. आखातातला सरकारी, सीमेन्सचा खासगी आणि पेंडरचा खासगी. चढाओढ झाली असती तर दर उतरले असते. झालं उलटं. १८७० च्या दशकातच तिघांनी उत्पन्न एकत्र करून ठरलेल्या हिश्शानं वाटून घेण्याचा करार केला. त्याला ‘जॉइंट पर्स’, म्हणजे सामाईक थैली, असंच नाव होतं. या थैलीत सरकारी खातंही भागीदार होतं, हे विशेष. दर स्वस्त झाले तर सरकारच्या स्वतःच्या केबलचं उत्पन्न घटणार, मग सरकार कंपनीला दर कमी करायला कशाला भाग पाडेल? १८८६ नंतर दर शब्दाला ४ शिलिंग होता आणि तो १९०२ पर्यंत तसाच राहिला. २० शब्दांचा हिशेब केला तर ४ पौंड (२० शिलिंगांचा १ पौंड). म्हणजे ३७ वर्षांत २० शब्दांमागे उतरला तो फक्त १ पौंड, आणि मधल्या काळात तंत्र कुठल्या कुठे गेलं होतं.

या दरामुळे मुंबईच्या कापूसबाजाराची एक वेगळीच भाषा तयार झाली. कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवरचा दलाल लिव्हरपूलला मोकळं वाक्य लिहीत नसे. त्याच्या मेजावर सांकेतिक शब्दांचं जाडजूड बाड असे. ‘अमुक जातीच्या इतक्या गासड्या, या भावाला, पुढच्या बोटीनं पाठवा’ हे सगळं एका शब्दात बसवायचं. कारकून बाड चाळून शब्द शोधी, पलीकडचा कारकून तसंच बाड उघडून अर्थ लावी. एक अक्षर चुकलं तर हजारो रुपयांचा सौदा फिरे. ही काटकसर मोठ्या पेढ्यांना परवडत होती. विदर्भातल्या ज्या शेतकऱ्याचा कापूस त्या तारेवर विकला जाई, त्याला भाव कळे तो गावात आलेल्या दलालाच्या तोंडून, दलालाला सांगावासा वाटेल तेवढाच.

‘समुद्रात सरकारचा ताबा कुठे होता?’ असं कुणी विचारेल. तो कागदावर कमी आणि व्यवहारात भरपूर होता. केबल किनाऱ्याला लावायची तर सरकारची परवानगी लागे. ती मिळाल्यावर आतला निरोप पोचवणारी तार सरकारी. कंपनीचा सगळा धंदा साम्राज्याच्या बंदरांवर उभा, तेव्हा सरकारशी वाकडं घेऊन ती जाणार कुठे? आणि लढाईत तर हा पडदाही उरला नाही. ५ ऑगस्ट १९१४ ला, युद्ध जाहीर झाल्याच्या काही तासांत, ‘अलर्ट’ नावाच्या इंग्रज केबल जहाजानं जर्मनीच्या समुद्री केबल कापून टाकल्या. त्यानंतर जगातल्या बहुतेक तारा इंग्रज सेन्सॉरच्या टेबलावरून जाऊ लागल्या आणि व्यापाऱ्यांची सांकेतिक बाडं मोजकीच चालतील असं फर्मान निघालं. कंपनी खासगीच राहिली, फक्त तिच्या खोलीत सरकारी माणूस येऊन बसला.

टेलिफोन: नकार, मग परवाना

टेलिफोनच्या वेळी सरकारनं आधी नाही म्हटलं. १८८० मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनी आणि अँग्लो-इंडियन टेलिफोन कंपनी यांनी अर्ज केला, तेव्हा टेलिफोन हा सरकारचा हक्क आहे, आम्हीच करू, असं उत्तर आलं. वर्षभरात मत फिरलं. १८८१ मध्ये ओरिएंटल कंपनीला परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रासचे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाल्याचं जाहीर झालं. कलकत्त्याच्या मुख्य एक्स्चेंजला ९३ ग्राहक होते. मुंबईचा कारभार पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीनं पाहिला.

तारेला जे नाकारलं ते टेलिफोनला का दिलं? त्या काळचा टेलिफोन गावातल्या गावात चाले. पेढीवरून गोदीत, गिरणीतून बँकेत. त्यात राज्य हादरवणारं काही नव्हतं, आणि त्यासाठी खजिन्यातून पैसा घालायची सरकारची तयारीही नव्हती. श्रीमंत ग्राहकांचं शहर कंपनीला, हे सरळ गणित. पण शहरांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या ट्रंक लाइनी आणि छोट्या गावांचे एक्स्चेंज सरकारी खात्याकडे राहिले. मलई शहरात होती, खर्च बाहेर होता. ग्रामीण भागात फोन पोचायला स्वातंत्र्यानंतरही दोन पिढ्या का गेल्या, याचं एक मूळ इथे आहे.

मग आला १८८५ चा इंडियन टेलिग्राफ कायदा. तो नीट वाचला की या सगळ्या कारभाराची किल्ली हाती येते. चौथं कलम म्हणतं, तार उभारण्याचा, राखण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारचा, पण सरकार परवाना देऊ शकेल. पाचवं कलम म्हणतं, सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षिततेसाठी सरकार परवानाधारकाची तार तात्पुरती ताब्यात घेऊ शकेल, आणि कुठलाही निरोप अडवू, थांबवू किंवा उघडून पाहू शकेल. कायद्यात ‘तार’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल होती की टेलिफोन त्यात बसला, आणि पुढे बिनतारीही बसलं. एका हातानं चौथं कलम देतं, दुसऱ्या हातानं पाचवं परत घेतं. ज्या सरकारकडे पाचवं कलम आहे, त्याला एक्स्चेंज कुणाच्या मालकीचं याची फारशी चिंता करायचं कारण उरत नाही.

खडकी, दौंड आणि ४२.३४ मीटर

बिनतारी आल्यावर गोष्ट आपल्या दाराशी येते. पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंड जंक्शनला गाडी थांबते, तिथे १९२७ साली जगातल्या अत्याधुनिक संदेश केंद्रांपैकी एक सुरू झालं, हे किती प्रवाशांना माहीत असेल? मार्कोनीच्या ‘बीम’ पद्धतीत लघुलहरी सगळीकडे फेकण्याऐवजी एका दिशेनं झोतासारख्या सोडल्या जात. खडकीहून निरोप सुटे, इंग्लंडहून आलेला निरोप दौंडला पकडला जाई. हे चालवणारी इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी खासगी होती.

बीम इतकं स्वस्त आणि वेगवान निघालं की समुद्री केबलवाल्यांचं धाबं दणाणलं. बाजाराचा न्याय लावला असता तर केबल कंपन्या बुडाल्या असत्या. पण लंडनच्या सरकारला केबल हव्या होत्या, कारण हवेतला निरोप कुणीही ऐकू शकतो, समुद्राखालचा नाही. १९२८ च्या परिषदेत तोडगा निघाला आणि १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी एकाच मोठ्या कंपनीखाली आणल्या. तीच पुढे केबल अँड वायरलेस झाली. ब्रिटनच्या पोस्टखात्याची नफ्यात चाललेली बीम केंद्रं २५ वर्षांच्या भाड्यानं या कंपनीला दिली. म्हणजे सरकारी नफ्यातल्या धंद्यानं खासगी तोट्यातला धंदा तगवला, लढाईसाठी. हिंदुस्थानात याचं प्रतिबिंब १९३२ मध्ये पडलं आणि खडकी-दौंडची बिनतारी व किनाऱ्यावरच्या केबल मिळून इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली.

रेडिओ प्रसारणाचंही थोडक्यात सांगतो. २३ जुलै १९२७ ला मुंबईत खासगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ऐकणारे कमी, परवाना फी भरणारे त्याहून कमी. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारनं केंद्रं घेतली. त्यातूनच १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. १९३३ च्या वायरलेस कायद्यानं तर बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं.

आणि हा कायदा कुणासाठी होता ते १९४२ मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, आणि मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. विशीतली मुलं-मुली रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून बोलत आणि पोलिसांना चुकवण्यासाठी जागा बदलत. १२ नोव्हेंबरला त्यांना पकडलं. त्याच दिवसांत सातारा जिल्ह्यात भूमिगत कार्यकर्ते तारा तोडत होते, खांब पाडत होते. १८५७ च्या शिपायांनी जे ओळखलं होतं तेच ८५ वर्षांनी शेणोली-कुंडलच्या पोरांनी ओळखलं. तार तोडणं म्हणजे नासधूस, असं सरकारी कागद म्हणतात. ज्याला त्या तारेवर एक शब्दही बोलायची मुभा नाही आणि जिच्यावरून त्याच्याच अटकेचा हुकूम येतो, त्याच्यासाठी ती वेगळी वस्तू असते. मला या मुलांबद्दल फार आदर वाटतो.

मालक बदलले

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सरकारनं मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या. १ जानेवारी १९४७ ला परदेशी संदेशवहनाची कंपनीही घेतली. ब्रिटननं केबल अँड वायरलेसचं राष्ट्रीयीकरण केलं तोही हाच दिवस. स्वतंत्र भारताच्या हाती आले ते साधारण ८० हजार टेलिफोन, ३० कोटींहून जास्त माणसांसाठी. साठ वर्षं खासगी कंपन्यांनी फोन चालवला होता आणि नव्वद वर्षं सरकारनं तार. एवढ्या काळात दोघांनी मिळून जाळं विणलं ते छावण्या, बंदरं, कचेऱ्या आणि बाजार यांच्यापुरतं. सरकारी असो वा खासगी, दोघांच्या गिऱ्हाइकांत सामान्य माणूस नव्हताच. वसाहतीच्या दळणवळणाची खरी खोट मला इथे दिसते.

ती परदेशी संदेशवहनाची कंपनी पुढे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली, १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाली, आणि २००२ मध्ये टाटांकडे गेली. खासगी, मग सरकारी, मग परत खासगी.

कायदा मात्र जागचा हलला नाही. १८८५ चं पाचवं कलम स्वतंत्र भारतातही फोन ऐकण्याचा आधार राहिलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात फोन चोरून ऐकणं हा खासगी आयुष्यावर घाला आहे असं म्हणून त्याभोवती नियम घातले, तरी कलम राहिलं. जुलै २०१३ मध्ये शेवटची तार गेली, तेव्हा तारघरांबाहेर आठवण म्हणून तार करायला लोकांच्या रांगा लागल्या. तार संपली तरी टेलिग्राफ कायदा पुढे दहा वर्षांहून जास्त काळ लागू राहिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तो रद्द करण्याची तरतूद आहे. या नव्या कायद्यातही दूरसंचाराची सेवा द्यायची तर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते, आणि सार्वजनिक आणीबाणीत सेवा ताब्यात घेण्याची, बंद करण्याची, निरोप अडवून पाहण्याची मुभा सरकारकडे आहे.